पायाखालचे दोन गुंठे

घरकुलाचा विषय निघाला की आपल्याकडच्या ग्रामसभेत भांडण होते ते यादीवरून. कोणाचे नाव 'ड' यादीत आले, कोणाचे गळाले, कोणाच्या दारात ट्रॅक्टर उभा असूनही त्याला हप्ता मिळाला आणि कोणाच्या छपरावर ताडपत्री असूनही तो अपात्र ठरला. या भांडणात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे या पट्ट्यातली कुरबूर नीट कान देऊन ऐकली, तर तिचे मूळ यादीत नसल्याचे लक्षात येते. यादीत नाव आहे, मंजुरीचे पत्र हातात आहे, आणि बांधायचे कोठे याला उत्तर नाही, अशी माणसे इथे गावोगाव भेटतात. सरकार भिंतींना पैसे देते. जमीन तुमची तुम्ही दाखवा म्हणते. आता ज्याच्याकडे दाखवायला जमीन नाही, त्याच्यासाठीच तर ही योजना काढली होती!

गंमत अशी की हा मुलूख जमिनीला तोटा असलेला नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा इकडे आला आणि त्याच्या पाण्यामागोमाग ऊस आला. १९३४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. कारखान्याला ऊस हवा, उसाला जमीन हवी. तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी कंपनीने खंडाने घेतल्या. ते शेतकरी 'खंडकरी' झाले. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारने काढून घेतल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. राज्यभरातली मिळून ही जमीन ८५ हजार एकरांच्या घरात होती. मूळ मालक कोर्टकचेऱ्या करीत राहिले. त्यांना जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ पासून, म्हणजे जमिनी गेल्यापासून अर्धे शतक उलटल्यावर. खंडकऱ्यांचा लढा हा आपल्या भागातला मोठा इतिहास आहे, आणि तो लिहिला गेला पाहिजे तेवढा लिहिला गेलेला नाही. पण त्या इतिहासात एक माणूस सतत कडेला उभा दिसतो. ज्याने ती जमीन प्रत्यक्ष नांगरली, उसाला पाणी दिले, मोळ्या बांधल्या, तो मळ्यावरचा मजूर. मालकीचा निकाल लागला तेव्हा तो पक्षकार नव्हता. त्याच्याकडे ना खंडाची पावती, ना सात-बारा.

वालचंदनगरला कामगारासाठी चाळी आणि क्वार्टर्स बांधल्या गेल्या. त्यामागे केवळ दया होती असे मानण्याचे कारण नाही. ओसाड माळावर माणूस आणून ठेवायचा तर त्याच्या डोक्यावर छप्पर धरावेच लागते, हा हिशेब त्या पिढीतल्या उद्योजकाला कळत होता. मळ्यांवरही मजुरांच्या चाळी झाल्या त्या याच हिशेबाने. आता दिवस पालटले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आहे, भारत फोर्ज आहे, टेक्स्टाइल पार्क आहे. पण कामगाराने राहायचे कोठे, हा हिशेब आजकाल कुठल्याच कारखानदारीच्या वहीत धरण्याची रीत उरलेली नाही. तो ज्याचा त्याने करायचा. शहर वाढले, जळोची, रुई, तांदुळवाडी ही कालची खेडी नगरपरिषदेच्या हद्दीत गेली आणि तिथला गुंठा सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. मग बारामतीत न परवडणारा माणूस मोटारसायकलच्या एका टाकीत बसेल इतक्या अंतरावर सरकला. त्याच्या रेट्याने लासुर्ण्याच्या रस्त्याकडेचा गुंठाही लाखांत बोलू लागला. त्यात भर पडली संत तुकाराम महाराज पालखी महामार्गाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले आणि रस्त्यालगतची प्रत्येक बांधाची रेघ किमतीची झाली. आषाढात बेलवाडीच्या रिंगणाला लाखाने माणूस जमतो आणि गावे त्याला उतरायला जागा काढून देतात. एका दिवसासाठी जागा सापडते, हे मान्य केले पाहिजे.

आता भिंतींच्या पैशांकडे येऊ. इंदिरा आवास योजना १९८५ ची. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये. शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून मजुरीचे सुमारे पाव लाख वेगळे. २०२५ मध्ये राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छपरावरच्या सौर संचाचे. सगळे मिळून २ लाख १० हजारांच्या आसपास जाते. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला पुण्यात मोठा समारंभ होऊन राज्यातल्या २० लाख लाभार्थींना मंजुरीची पत्रे दिली गेली. आकडा लहान नाही. घर किमान २६९ चौरस फुटांचे असावे असा नियम आहे. आजच्या भावाने बांधकाम चौरस फुटाला दीड हजार धरले तरी हिशेब ४ लाखांवर जातो. उरलेले २ लाख कोठून आणायचे, याचे उत्तर गावात सर्वांना ठाऊक असते: बचतगट, सावकार, नाहीतर पुढच्या हंगामाची उचल.

आणि हे झाले मुरमाड जागेवरचे. कालव्याच्या पाण्याखालची आमची काळी माती ही उसाला आई आणि घराला सावत्र आई आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर पाया घेतला तर दोन वर्षांत भिंत तडकते. मुरूम लागेपर्यंत खोदायचे, खड्डा मुरमाने भरून धुमसायचा, मग जोते. पहिला हप्ता असतो १५ हजारांचा, आणि मोठा दुसरा हप्ता मिळतो जोत्यापर्यंतचे काम फोटोत दिसल्यावर. काळ्या मातीत १५ हजारांत जोत्यापर्यंत पोहोचणारा गवंडी कोणाला भेटला असेल तर त्याचा सत्कार केला पाहिजे. कित्येक घरकुले चर खणलेल्या अवस्थेत पाणी साचून पडलेली दिसतात, ती आळसामुळे नव्हेत. पुढे सरकारी कागदात त्यांची नोंद 'अपूर्ण' अशी होते आणि ग्रामसभेत कोणीतरी उठून म्हणतो, पैसे खाल्ले.

जागाच नसलेल्यांसाठी योजना नाही असेही नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीला अर्थसाहाय्य देण्याची योजना राज्याने २०१५ मध्ये काढली. ५०० चौरस फुटांपर्यंत, आधी ५० हजार आणि आता १ लाख रुपये. ५०० चौरस फूट म्हणजे गुंठ्याच्या निम्म्याहून कमी. पैसे वाढवले हे चांगले झाले. पण विकणारा कोण? ज्याची शेती गावाला लागून आहे तो एकरातून अर्धा गुंठा कापून कशाला देईल? उरलेल्या जमिनीचा आकार बिघडतो, शेजार लागतो, वाट द्यावी लागते. त्यातून दिलाच, तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये राज्याने प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे ठरवले. त्याखालचा तुकडा सरळ खरेदीखताने होत नाही. मार्च २०२४ च्या नियमांनी घरकुलासाठी १ हजार चौरस फुटांपर्यंत सवलत दिली खरी. पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. मजुरी बुडवून इंदापूर आणि पुण्याच्या किती फेऱ्या माराव्या लागतात, ते मारणाऱ्यालाच ठाऊक.

लोक मग आपली वाट काढतात. दहा जण मिळून दहा-अकरा गुंठे एकत्र घेतात, सगळ्यांची नावे एकाच सात-बाऱ्यावर चढतात आणि आतली वाटणी चुन्याच्या फक्कीने होते. किंवा स्टॅम्पवर साठेखत, नोटरीचा शिक्का आणि 'कब्जा दिला' एवढेच वाक्य. २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढून शहरी आणि नियोजन क्षेत्रांतले असे जुने व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली, त्याचा फायदा पुष्कळांना होईल. मात्र हा सगळा बाजार ज्याच्याकडे दोन-तीन लाख तरी आहेत त्याचा आहे. मळ्यावरच्या चाळीतला माणूस या बाजारात शिरतच नाही.

या प्रश्नाची एक बाजू मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे. बँकेच्या ग्रामीण शाखांत नोकरी झाली तेव्हा घरकर्जाच्या अर्जाला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो तो मिळकतीचा. माणूस किती कष्टाळू, उचललेले पैसे फेडतो की नाही, हे नंतर. बिगरशेती आदेश आहे का, मंजूर रेखांकन आहे का, वकिलाचा शोध अहवाल स्वच्छ आहे का? शिक्षकाचे, तलाठ्याचे कर्ज दोन आठवड्यांत व्हायचे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, सात-बारा जुनाच आहे.) एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शेळ्यांसाठी घेतलेले कर्ज शेवटच्या रुपयापर्यंत फेडलेली एक विधवा बाई होती. तिचे घर गावठाणात, सासऱ्याच्या नावावर, आणि पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, असे तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "सायेब, घर माझं न्हाई म्हंता, मग मी ऱ्हाती कुठं?" नियम आजही थोड्याफार फरकाने तसाच आहे, आणि बँकेच्या बाजूने तो चुकीचाही नाही, गहाण घ्यायला काहीतरी लागतेच. म्हणून मला गावठाणाच्या ड्रोन मोजणीचे महत्त्व वाटते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला तिचा पहिला प्रयोग झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेच्या नावाने ती देशभर गेली. मिळकत पत्रिका हातात आली की गावठाणातल्या माणसाला बँकेची पायरी चढता येते. गावठाणाबाहेरच्या वस्तीवरच्या माणसाला मात्र ती पायरी तेवढीच उंच राहते.

तेव्हा मुद्दा सरळ आहे. गावाने, म्हणजे ग्रामसभेने, सार्वजनिक जमिनीचा तुकडा काढून द्यायचा की नाही? इथे खरी चर्चा सुरू होते आणि तिथेच ती आवाज खाली आणते. पहिला आक्षेप गायरानाचा. गायरान गुरांचे आहे, त्यावर घरे नकोत. या आक्षेपाला कायद्याचे बळ आहे. जगपाल सिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी जुलैत राज्याने गायरान वाटपावर निर्बंध घातले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्यातल्या गायरानांवरची सव्वादोन लाखांच्या घरातली अतिक्रमणे मोजून मांडली गेली, नोटिसा निघाल्या, आणि राज्यभर एकच घबराट झाली. त्या अतिक्रमणांत धनिकांची शेते होती, शाळा होत्या, देवळे होती आणि दुसरा आसरा नसलेल्यांची घरेही होती. सगळ्यांना 'अतिक्रमण' हा एकच शब्द. गायरान राखावे, याबद्दल दुमत नाही. पण आमच्याकडे गायरानाची आठवण गुरांमुळे होत नाही, घरकुलांमुळे होते. उसाच्या मुलखातली गुरे गोठ्यात वाढे खाऊन जगतात, हे आक्षेप घेणारालाही माहीत असते.

दुसरा आक्षेप: जागा दिली की हे लोक विकतात. काही विकतात, खरे आहे. मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, दारूतही विकतात. पण कालव्याकाठची बागायत बिगरशेती करून प्लॉट पाडणाऱ्याला आपण 'विकतो' म्हणत नाही, 'डेव्हलप करतो' म्हणतो. गरिबाने मिळकत विकली की गैरवापर आणि आपण विकली की व्यवहार, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा? दिलेली जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असते, परवानगीशिवाय विकता येत नाही. तो बंध पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप कोणी मांडत नाही. तो असा की त्या वस्तीत कोण राहायला येणार, हे सर्वांना ठाऊक असते. वॉर्डाची मते बदलतात, पाण्याची रांग बदलते, आणि जातीचे जे जुने अंतर गावाने राखलेले असते ते कमी होते. म्हणून ठराव सुचवणारे प्रत्येक जण जागा दाखवतो ती गावापासून लांबची, बहुधा चोपण, जिथे ऊसही येत नाही. पुणे-सोलापूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत 'बेघर वस्ती' नावाची वस्ती आहे. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरांसाठी जागा देण्याचे कलम होते, त्या काळातल्या या वस्त्या. पन्नास वर्षे झाली, दोन पिढ्या त्याच घरांत जन्मल्या, घरांना स्लॅब पडले. पत्ता विचाराल तर अजून 'बेघर'च सांगतात.

लांबच्या वस्तीचे काय होते याचा धडा जवळच आहे. सोलापुरात विडी कामगार बायांसाठी कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरे झाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. मग तिथेच ३० हजार घरांचे रे नगर, ज्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. दोन टोकांच्या राजकारणाचे दोन पंतप्रधान आणि लाल बावट्याचा एक नेता एकाच वसाहतीच्या कामी आले, असे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही. हे जमले याचे मोठे कारण म्हणजे तिथे माणसे एकेकटी अर्ज घेऊन फिरली नाहीत, संघटित झाली. आणि एकेका घराऐवजी अख्ख्या वसाहतीचा आराखडा झाला, रस्ता, पाणी, शाळा यांसकट. पण वसाहत शहराबाहेर आहे, आणि विडीचा कच्चा माल आणायला, शहरात काम धरायला रोजचे येणे-जाणे आले. घर मिळाले, एस.टी.चे भाडे वाढले, असे ते गणित. आमच्या पट्ट्यात वस्ती लहान करायची आहे, त्यामुळे ही चूक टाळणे सोपे आहे. २०१७ च्या सुधारणेने जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आले, त्यात गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळ्या बिगरशेती परवानगीचा त्रास राहिलेला नाही. म्हणजे गावाला चिकटून घरे व्हावीत, असेच कायद्यालाही वाटते.

राहता राहिले मळ्यावरचे मजूर, ज्यांचा दावा मला सर्वांत बळकट वाटतो. महामंडळाने स्वतः शेती करणे कमी करत आणले, जमिनी संयुक्त शेतीच्या नावाखाली निविदा काढून कसायला दिल्या. कामगार निवृत्त झाले, काही गेले, त्यांच्या बायका-मुले जुन्या चाळीत राहिली. चाळ त्यांच्या नावावर नाही म्हणून दुरुस्तीचा अधिकार नाही, आणि पायाखालची जागा स्वतःची नाही म्हणून घरकुल नाही. घरासाठी दोन गुंठे द्या, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे; मोर्चे झाले, आश्वासने झाली. खंडकरी म्हणतात, ही आमच्या आज्या-पणज्यांची जमीन. तेही खोटे नाही. पण खंडकऱ्यांना वाटून उरलेल्या जमिनीचा प्रश्न आहे, आणि त्या उरलेल्या जमिनीतून शिर्डीजवळच्या औद्योगिक वसाहतीसाठी सुमारे ५०० एकर निघू शकले. इथला हिशेब त्या मानाने किरकोळ आहे. शंभर कुटुंबांना दोन गुंठ्यांप्रमाणे दोनशे गुंठे, म्हणजे पाच एकर. रस्ते, गटारे, अंगणवाडी धरून सात-आठ एकर. एवढे क्षेत्र उसाच्या एका चांगल्या बागायतदाराच्या एका तुकड्यात असते.

दोन गुंठेच का, अर्धा का नको, असेही विचारले जाते. अर्ध्या गुंठ्यात भिंती उभ्या राहतात, संसार राहत नाही. शेळी कोठे बांधायची, सरपण कोठे रचायचे, मुलाचे लग्न झाले की खोली कोठे काढायची? शहरातल्या फ्लॅटचे माप खेड्यातल्या मजुराला लावले की तो पुन्हा रस्त्यावर छप्पर काढतो आणि त्याला पुन्हा अतिक्रमणाची नोटीस जाते.

येत्या ग्रामसभांत हा विषय घ्यायचाच असेल तर ठरावात 'भूमिहीनांना जागा उपलब्ध करून द्यावी' असे मोघम वाक्य नको. गट नंबर लिहावा, क्षेत्र लिहावे, गावठाणापासूनचे अंतर लिहावे, पाण्याची वाहिनी कोणत्या टाकीवरून येणार ते लिहावे, जमीन काळी की मुरमाड हेही लिहावे. यादीतली नावे त्यानंतर वाचावीत, आणि मिळकत नवरा-बायको दोघांच्या नावावर चढेल असे पाहावे. मोजणीची फी ग्रामपंचायतीने भरावी. चाळीतल्या माणसांकडून त्यासाठी वर्गणी काढू नये.